चाळणीबाईंची यादी

नोंदणी कार्यालयातून कुठलाही दाखला बाहेर पडण्याआधी एका टेबलावर थांबायचा. जन्माचा असो, मृत्यूचा असो की लग्नाचा. त्या टेबलावरच्या बाई तो मूळ अर्जाशी ताडून बघायच्या आणि मगच खाली डाव्या कोपऱ्यात आपली बारीकशी सही करायच्या. त्यांच्या नजरेतून वेलांटीसुद्धा सुटत नसे. एकदा वरच्या कार्यालयातून आलेल्या छापील परिपत्रकात त्यांनी सात चुका काढल्या आणि लाल शाईने खुणा करून ते परत पाठवलं. उत्तर आलं नाही, पण पुढचं परिपत्रक बिनचूक आलं. तेव्हापासून सगळे त्यांना चाळणीबाई म्हणायला लागले. आधी पाठीमागे, मग तोंडावर. बाईंना ते आवडायचं, पण तसं त्यांनी कधी कुणाला कळू दिलं नाही.

छप्पन्नाव्या वर्षी या चाळणीला एक भोक जास्तीचं पडलं.

सुरुवात घरच्या दारापासून झाली. स्वयंपाकघराची चौकट त्यांना मधोमध वाकलेली दिसायला लागली. हात फिरवून पाहिला तर लाकूड सरळ. मग अक्षरं जायला लागली, आणि तीही अशी की जे अक्षर बघायला जावं नेमकं तेवढंच नाहीसं व्हायचं, शेजारची शाबूत राहायची. ओल्या बोटाने पाटी पुसावी तसा नजरेच्या मध्यावर एक करडा डाग बसला होता. माणसाकडे बघितलं की चेहरा जायचा आणि दोन कान राहायचे.

बाईंनी चष्मा बदलला. टेबलावरचा दिवा बदलला. डोळा किंचित बाजूला वळवून, डागाच्या कडेकडेने वाचायची एक युक्ती बसवली. पण त्या युक्तीने एका दाखल्याला दहा मिनिटं लागायची, आणि दिवसाला चाळीस दाखले असायचे. मग हळूहळू त्या कागद हातात धरून नुसत्या बघायला लागल्या. ओळींची ठेवण बरोबर आहे, शिक्का जागेवर आहे, तर मजकूरही बरोबर असणार. सही मात्र पूर्वीसारखीच बारीक. निवृत्तीला चार वर्षं होती. चाळणीबाईंना दिसत नाही हे वाक्य कुणाच्या तोंडून ऐकायची त्यांची तयारी नव्हती, म्हणून त्या डॉक्टरकडेही गेल्या नाहीत.

वर्षभर निभावलं. मग एक बाप आपल्या मुलीचा जन्मदाखला घेऊन परत आला. मूळ अर्जात तेरा तारीख होती, दाखल्यावर अठरा. कामावर खाडा करून तो दुसऱ्यांदा आला होता आणि चिडलेला होता. साहेबांनी त्याची माफी मागितली, नवा दाखला दिला आणि टायपिस्टला मेमो काढला.

टायपिस्ट म्हणजे संगणकावर नोंदी करणारा चाळिशीचा गृहस्थ. टाइपरायटर कधीच भंगारात गेले होते, पण नाव तेच राहिलं होतं. मोजकं बोलणारा, दोन मुलांचा बाप. मेमोचा कागद घडी करून खिशात ठेवत तो बाईंच्या टेबलाशी आला.

"तीनचा आठ माझ्याच हातून झाला, बाई. ते कबूल. पण तुमच्याकडून कसा सुटला, हे काही कळत नाही."

त्याच्या आवाजात राग नव्हता, निव्वळ आश्चर्य होतं.

"होतं कधीकधी," बाई म्हणाल्या आणि समोरची फाइल उघडून बसल्या. ती उलटी होती हे त्यांना जरा वेळाने कळलं.

त्यानंतर दोन आठवड्यांनी साहेबांनी त्यांना आत बोलावलं. साहेबांचा चष्मा म्हणजे पेल्यांची दोन बुडं एका दांडीत बसवल्यासारखा. माणूस वाईट नव्हता, पण कुठलंही काम संपण्याआधीच ते त्याच्या पुढच्या कामाकडे निघालेले असत.

"बाई, आपली वेबसाइट सगळ्यांना वापरता आली पाहिजे असा आदेश आलाय. कमी दिसणाऱ्यांना, अजिबात न दिसणाऱ्यांना, सगळ्यांना. आपण त्यासाठी साइटवर एक पट्टी बसवून घेतलीय. कोपऱ्यातल्या चिन्हावर दाबलं की अक्षरं मोठी होतात, रंग बदलतात, वाचूनसुद्धा दाखवते. महिनाअखेर प्रमाणपत्र पाठवायचंय. बाहेरून एक तपासनीस येईल. त्याची एक सही, तुमची एक सही."

"माझी कशाला?"

"चुका काढायला तुमच्याइतकं दुसरं कोण आहे इथे?"

बाईंना नाही म्हणायला कारण सुचलं नाही. जे होतं ते सांगण्यासारखं नव्हतं.

मागच्या खोलीत, जुन्या खतावण्यांच्या कपाटाशेजारी, एक जादाचा संगणक होता. बाई तिथे जाऊन बसल्या. पहिला अर्धा तास ते चिन्ह शोधण्यातच गेला. फिकट राखाडी रंगाचं, वाटाण्याएवढं, उजवीकडे अगदी तळाला. चष्मा शोधायला आधी चष्मा हवा, अशी गत. शेवटी टायपिस्ट कपाटातून खतावणी न्यायला आला तेव्हा त्याने सहज बोट ठेवून दाखवलं आणि निघून गेला.

पट्टी उघडली. बाईंनी अक्षरं दुप्पट केली, तिप्पट केली, चौपट केली. मग रंगांवर गेल्या. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असा एक पर्याय होता. तो दाबला, आणि समोर दोनच शब्द उमटले: जन्म नोंदणी.

पूर्ण. जोडाक्षरासकट. डाग होता तिथेच होता, पण अक्षर आता डागापेक्षा मोठं झालं होतं.

बाई कितीतरी वेळ ते दोन शब्दच बघत राहिल्या. मग त्यांनी नोंदणीचे नियम उघडले. हे नियम त्यांना तोंडपाठ होते, त्यांत वाचण्यासारखं नवीन काही नव्हतं. तरी त्यांनी पहिल्या कलमापासून सुरुवात केली आणि दुपारपर्यंत वाचत बसल्या, पोटभर जेवावं तशा. वर्षभरात त्यांनी काही वाचलं नव्हतं, नुसतं ओळखलं होतं.

पण चाळणी ती चाळणीच. दुसऱ्या दिवशी त्यांचं सुख ओसरलं आणि सवय जागी झाली. अक्षरं चौपट केली की 'अर्ज पाठवा' हे बटण पडद्याच्या बाहेर कुठेतरी निघून जात होतं. एखादा रकाना चुकला तर त्याच्याभोवती नुसती लाल रेघ यायची, आणि पिवळ्या-काळ्या रंगात ती रेघ दिसतच नव्हती. काय चुकलं हे शब्दांत कुठेही लिहिलेलं नव्हतं. वाचून दाखवणारा आवाज चांगला होता, पण फोटो आला की "चित्र" म्हणायचा, दुसरा आला की पुन्हा "चित्र". जुने नियम कागदावरून फोटो काढून चढवले होते, त्या पानावर तो आवाज गप्पच बसायचा. आणि बारा मिनिटं झाली की सगळं भरलेलं पुसून जायचं. ज्याला अर्ज भरायला तीस मिनिटं लागतात, त्याने बारा मिनिटांत काय करायचं?

बाईंनी यादी केली. आठ दिवसांत तिच्यात एकेचाळीस नोंदी झाल्या. वर्षभरात पहिल्यांदाच त्या सहीखेरीज काहीतरी करत होत्या.

घरी त्यांची नणंद होती. बाईंचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती, नणंदेने लग्न केलंच नव्हतं, आणि दोघींनी एकमेकींना फारसं काही न विचारता एका घरात संसार मांडला होता. नणंद घरीच शिवणकाम करायची. पडदे, फाटके खिसे, लांब झालेल्या विजारी.

"आज खुशीत दिसताय, वहिनी," ती मशीनवरून मान न उचलता म्हणाली.

"नवीन काम आहे, वन्सं. चुका काढायच्या आहेत."

"मग तर तुमचं माहेरच ते."

तपासनीस तिसऱ्या आठवड्यात आला. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात पांढरी काठी. जन्मापासूनच त्याला दिसत नव्हतं. पाठीवरच्या पिशवीतून त्याने लॅपटॉप काढला, कानात एक बारीक यंत्र घातलं आणि कामाला लागला. बोटं भराभर चालत होती, पण पडदा पूर्ण काळा होता.

"अहो, तुमचा तो सुरूच झालेला नाही," बाई म्हणाल्या.

"सुरू आहे. दिवा तेवढा मालवलाय. मला उपयोग नाही, आणि शेजारच्यांना माझी पत्रं वाचायला मिळत नाहीत."

त्याने कानातलं काढून बाईंना ऐकवलं. आत कुणीतरी इतक्या वेगाने बोलत होतं की मूठभर मणी फरशीवर सांडल्यासारखं वाटलं.

"यातलं तुम्हाला कळतं?"

"सवयीने. ही बाई माझ्या लॅपटॉपमध्ये राहते, मी जाईन तिथे वाचून दाखवते. माझ्यासारख्याला तुमची पट्टी लागत नाही. उलट तुमच्या साइटवर आलं की हिची चाहूल लागून पट्टीचाही आवाज आपोआप सुरू होतो. हिचं एक, तिचं एक. दोन वकील एकदम उभे राहिल्यासारखं. आणि तुमच्या अर्जातल्या रकान्यांना नावंच नाहीत. वरून दिसत असतील, पण आतून रकाने बिननावाचे आहेत. ही नुसती म्हणते, 'रकाना, रकाना, रकाना.' आईचं नाव कुठे आणि बापाचं कुठे, हे मी अंदाजाने ठरवायचं."

त्याच्याही नोंदी पंचवीसेक होत्या. मग त्याने बाईंची यादी मागितली. ती त्यांनी आदल्या दिवशीच पाठवली होती. त्याने ती तिथेच यंत्राकडून वाचून घेतली. वाचून झाल्यावर बोटं थांबली. मग त्याने एक नोंद पुन्हा ऐकली.

"बाई, तुमची सतरावी नोंद. 'चौपट अक्षरात ओळ उजवीकडे बाहेर जाते. सरकवत शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायला होते. दुपारनंतर मान दुखते.'"

"मग? खरं आहे ते."

"खरंच आहे. मी दहा वर्षं हे काम करतोय. डोळस माणसं तपासतात तेव्हा अक्षरं मोठी करतात, झाली म्हणतात, पुन्हा लहान करतात. पाच मिनिटांचं काम. मान दुखायला निदान चार तास लागतात."

बाई टेबलावरचे कागद सारखे करायला लागल्या.

"आणि तेविसावी. 'पिवळ्यावर काळं चालत नाही, काळ्यावर पिवळंच हवं, उजेड कमी टोचतो.' ही स्वतः सोसल्याशिवाय कळणारी गोष्ट नाही." त्याने आवाज जरा खाली आणला. "कधीपासून आहे?"

"मी हातात घेतलेलं काम मन लावून करते," बाई म्हणाल्या. "चहा सांगून येते."

त्या गेल्या आणि वीस मिनिटं आल्या नाहीत. जिन्याच्या वळणावर खिडकी होती, तिथे उभ्या राहिल्या. त्यांना राग आला होता. वर्षभर सगळ्या डोळस माणसांनी भरलेल्या कार्यालयात कुणाला काही कळलं नव्हतं, आणि ज्याला मुळीच दिसत नाही त्याने तासाभरात पकडलं होतं. बाहेर रस्त्यावर माणसं जात होती. कान, खांदे, पाय. राग ओसरल्यावर त्यांच्या लक्षात आलं की त्यांना थोडं हलकंही वाटतंय, आणि त्या दुसऱ्या गोष्टीची त्यांना जास्त भीती वाटली.

परत आल्या तेव्हा तपासनीस पिशवी भरत होता.

"माझं काम साइट तपासायचं आहे, माणसं नाही," तो म्हणाला. "चुकलंच. पण डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आला नसाल तर जा. काही आजार वेळेवर गेलं तर जागच्या जागी थांबवता येतात. माझा तसला नव्हता, म्हणून सांगतो."

बाईंनी त्याला दारापर्यंत सोडलं. काठी टेकत तो जिना उतरला. त्याच्या पावलांचा आवाज कुठेही अडखळला नाही.

त्या संध्याकाळी नणंद कुणाच्या तरी दिवाणखान्याचे पडदे शिवत होती. सगळ्या खोलीभर निळं कापड पसरलं होतं. बाई कडेकडेने जाऊन खुर्चीवर बसल्या.

"वन्सं, मला नीट दिसत नाही."

नणंदेने मशीनचं चाक हाताने थांबवलं. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"वर्ष होईल. तुम्ही माझ्याशी बोलताना माझ्या कानाशी बोलता. आधी वाटलं, माझं कानातलं आवडलं असेल. मागून घेतील म्हणून मी दोन दिवस वाट बघितली."

बाईंना हसू आलं, मग डोळे भरून आले. "मग बोलला का नाहीत?"

"डोळा तुमचा, झाकली मूठ तुमची. उघडायची तेव्हा उघडतील म्हटलं. पण वहिनी, मूठ फार दिवस झाकून ठेवली की हाताला मुंग्या येतात."

बाईंनी पदराने डोळे पुसले आणि टायपिस्टचं सांगितलं. तेरा तारीख, अठरा तारीख, मेमो. ते ऐकताना नणंदेचा हात कापडावरून बाजूला झाला.

"हे मात्र मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. तिच्या आवाजातली थट्टा गेली होती. "त्या माणसाला आज किती दिवस झाले?"

"पाच आठवडे."

"मग डोळ्यांचं परवा बघू. आधी ते करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई साहेबांच्या खोलीत गेल्या आणि टायपिस्टलाही बोलावून घ्यायला सांगितलं. उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. घरी पाठ करून आल्या होत्या, त्यामुळे कुठे अडखळल्या नाहीत.

साहेबांनी चष्मा वर सरकवला. "म्हणजे वर्षभराचे सगळे दाखले..."

"मी सह्या केल्यात. वाचलेले नाहीत. सगळे नव्याने तपासावे लागतील."

साहेब कपाळ चोळत बसले. बाई टायपिस्टकडे वळल्या. त्याचा चेहरा त्यांना दिसत नव्हता, आणि त्या क्षणी ते बरंच झालं असं त्यांना वाटलं.

"चूक टाइप करणाऱ्याचीही होती," साहेब म्हणाले, "पण मेमो एकट्यालाच द्यायला नको होता. मागे घेतो."

"बाई," टायपिस्ट म्हणाला, "पाच आठवडे मी एकेक आकडा तीनतीनदा बघतोय. घरी पोरांच्या वह्या बघतानासुद्धा. मला वाटलं, माझेच डोळे गेले. चष्म्याच्या दुकानात जाऊन तपासून आलो. तो म्हणाला, ठणठणीत आहेत."

"मला माफ करा."

"हो," तो म्हणाला. पण ते केलं म्हणाला की ऐकलं म्हणाला, हे बाईंना कळलं नाही. त्यानंतर बरेच दिवस तो त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होता. त्यांनीही घाई केली नाही. वर्षभराचे दाखले पुन्हा तपासताना आणखी चार चुका सापडल्या. चारी घरांना बाईंनी स्वतः फोन केले, काय झालं ते सांगितलं आणि नवे दाखले घरपोच पाठवले. एका घरी बराच वेळ ऐकून घ्यावं लागलं. त्यांनी ऐकून घेतलं.

शेवटच्या तपासणीचं काम टायपिस्टकडे गेलं. बाईंच्या टेबलावर मोठा पडदा आला आणि त्या वेबसाइटच्या कामाला पूर्ण वेळ बसल्या.

महिनाअखेर आली. साहेबांनी प्रमाणपत्राचा कागद समोर ठेवला. एका बाजूला तपासनीस, दुसऱ्या बाजूला बाई, दाराशी फाइल घेऊन टायपिस्ट.

"सह्या करून टाका," साहेब म्हणाले. "पट्टी बसवली आहे ना? चालते आहे ना? बाकीच्या बारीकसारीक गोष्टी मागाहून होतील."

तपासनीस म्हणाला, "पट्टी चालते. साइट चालत नाही. दार अरुंद आहे म्हणून आपण पायपुसणं मोठं केलंय."

"मला समजेल असं सांगा."

बाई पुढे झाल्या. "साहेब, चष्मा काढता का?"

"कशाला?"

"दहा मिनिटांसाठी. स्वतःच्या जन्मदाखल्याची प्रत मागवायचा अर्ज भरा. पट्टी आहेच मदतीला."

साहेबांनी एकदा सगळ्यांकडे बघितलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा एकदम शाळकरी दिसत होता, असं टायपिस्टने नंतर बाईंना सांगितलं. पट्टीचं चिन्ह शोधायला त्यांना तीन मिनिटं लागली, तीही नाक पडद्याला टेकवून. अक्षरं मोठी केली. रंग काळा-पिवळा केला. नाव भरलं. तारीख भरली. पुढे जा दाबलं, पण पान पुढे जाईना.

"काय चुकलंय?"

"तिथे एक लाल रेघ आहे," बाई म्हणाल्या.

"मला दिसत नाही."

"मलाही दिसत नाही."

साहेबांनी आवाज लावला. आवाज म्हणाला, "चित्र." मग, "चित्र." मग, "रकाना." त्यांनी अंदाजाने पिनकोड पुन्हा भरला, आईचं नाव पुन्हा भरलं. अखेर पान पुढे गेलं. आता अर्ज पाठवायचा होता आणि बटण कुठे दिसत नव्हतं. उजवीकडे सरकवलं, खाली सरकवलं, पुन्हा वर आले. तेवढ्यात आवाज खणखणीत म्हणाला, "आपला वेळ संपला आहे. कृपया पुन्हा सुरुवात करा."

"हे मात्र स्पष्ट वाचलं," तपासनीस म्हणाला.

कुणी हसलं नाही. साहेबांनी चष्मा घेतला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि सावकाश घातला. पहिल्यांदाच ते पुढच्या कामाकडे निघालेले नव्हते.

"किती दिवस लागतील?"

"पट्टीच्या माणसांनी नाही, साइट बांधणाऱ्यांनी करायचं काम आहे," तपासनीस म्हणाला. "मनावर घेतलं तर दोन महिने."

"महिनाअखेर प्रमाणपत्र गेलं नाही तर मला वरून मेमो येईल."

दाराशी उभा असलेला टायपिस्ट म्हणाला, "फार काही होत नाही, साहेब. घडी करून खिशात ठेवायचा."

यावर मात्र सगळे हसले, आणि बाई सगळ्यांत शेवटपर्यंत.

साहेबांना मेमो आला. कामाला दोन नाही, साडेतीन महिने लागले. सुरुवातीला साइट बांधणाऱ्यांचा माणूस म्हणत होता की पट्टी लावलेली असताना आणखी कशाला. बाईंनी त्याला रोज सकाळी साडेदहाला फोन करायला सुरुवात केली, एका दिवशी एकच नोंद, पहिलीपासून. नवव्या दिवशी तो स्वतःच म्हणाला, यादी एकदमच घेतो. रकान्यांना आतून नावं मिळाली. चूक झाली तर काय चुकलं ते शब्दांत यायला लागलं. पट्टीचा आवाज विचारल्याशिवाय बोलेनासा झाला. तिचं चिन्ह पानाच्या डोक्यावर आलं, चांगलं ठसठशीत. बारा मिनिटांनी पान पुसायच्या ऐवजी आणखी वेळ हवा का, असं विचारायला लागलं. जुन्या नियमांचे फोटो काढून टाकून टायपिस्टने ते सगळे नव्याने टाइप केले. बाईंनी मोठ्या पडद्यावर, पिवळ्या अक्षरांत, ते वाचून काढले आणि त्यांत दोन चुका दाखवल्या. टायपिस्टने मूळ कागद तीनदा बघितला. मग म्हणाला, "एक माझी. दुसरी मूळ कायद्यातली आहे, बाई. ती कुणाकडे पाठवायची?"

दरम्यान नणंद त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली होती. डाव्या डोळ्याला उशीर झाला होता. उजवा आहे तिथे थांबवता येईल असं डॉक्टर म्हणाल्या. दर महिन्याला एक इंजेक्शन, डोळ्यातच. वर्षभर आधी आला असतात तर, असं त्या म्हणायला लागल्या आणि बाईंचा चेहरा बघून थांबल्या. घरी येताना रिकाम्या बसमध्ये नणंदेने त्यांना खिडकीजवळ बसवलं. बऱ्याच वेळाने बाई म्हणाल्या, "सगळं माझंच केलेलं आहे, वन्सं."

"अर्धं," नणंद म्हणाली. "मीही गप्प बसले होते. आता निम्मंनिम्मं वाटून घेऊ."

दोन्ही सह्यांचं प्रमाणपत्र गेलं त्या आठवड्यात अर्जाच्या शेवटी एक नवा प्रश्न घातला होता. 'हा अर्ज भरताना कुणाची मदत घ्यावी लागली का?' प्रश्न तपासनिसाने सुचवला होता. पहिले चार-पाच दिवस कुणी तो भरलाच नाही. मग एका सकाळी टायपिस्ट खुर्ची ओढून बाईंच्या शेजारी बसला. एका स्त्रीने आपल्या मुलीच्या जन्मदाखल्याची प्रत मागवली होती.

"वाचू का?"

"मी वाचते," बाई म्हणाल्या आणि अक्षरं मोठी केली.

'नाही. मला दिसत नाही, म्हणून एरवी नवरा भरून देतो. तो बाजारात गेला होता. तो यायच्या आत मी पाठवला. मुलीचं नाव मी स्वतः पहिल्यांदाच कुठेतरी लिहिलं.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग त्या म्हणाल्या, "हिचा दाखला आजच काढा."

"टाइप झालाय," टायपिस्ट म्हणाला. "तपासूनही झालाय. दोनदा."

"नावातली वेलांटी?"

"दीर्घ आहे. तिने लिहिली तशी."

बाईंनी मान डोलावली आणि नव्या यादीतली पुढची नोंद उघडली. लग्ननोंदणीच्या अर्जाची फेरतपासणी अजून बाकी होती.